व्हिएतनामची चित्रं बघायची कशी? आधी विचारा, हे बनलंय कशाचं

मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला आता डायरेक्ट विमान मिळतं त्यामुळे ओळखीतलं जो तो व्हिएतनामला जाऊन आलाय, आणि सगळ्यांचे फोटो सेम. हा लाँग बेमधली बोट, गोल्डन ब्रिजचे ते दगडी दिसणारे हात, कू चीच्या बोगद्यातून डोकं बाहेर काढलेले काका, अंड्याची कॉफी. परत येताना बॅगेत एक चकचकीत लॅकरचा बाऊल. चित्रं बघायला फार कोणी जात नाही, आणि जे जातात ते वीस मिनिटांत बाहेर, "छान होतं, पण कळलं नाही काही." मी स्वतः पहिल्या खेपेला असाच बाहेर आलेलो, उगाच कशाला खोटं बोलू.

दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती. आईचं माहेर कुडाळचं. हनोईच्या म्युझियममध्ये एका काळ्या-लाल-सोनेरी पॅनेलसमोर ती थांबली ती हलेचना, म्हणे "अरे हे तर आपल्या सावंतवाडीचं लाखकाम!" तर ते लाखकाम नव्हतं, म्हणजे आईचं उत्तर चुकलं. पण तिने जे केलं ते बरोबर होतं. मी पाटीवर चित्रकाराचं नाव आणि साल शोधत होतो आणि ती सरळ बघत होती की बाबा हे बनवलंय कशाचं. व्हिएतनामच्या बाबतीत सुरुवात तिथूनच करायची. जुनं असो की कालपरवाचं, तिथे माल हाच अर्धा विषय असतो. चित्रात काय काढलंय ते नंतर बघा. आधी हे कशाचं आहे, ते आलं कुठून, आणि कलेत यायच्या आधी लोक त्याचं काय करायचे, एवढं विचारलं की अर्धं कोडं सुटतं.

नावांचं आधी सांगून टाकतो कारण त्यातच लोक गळपटतात. प्रत्येक दुसरा माणूस न्गुयेन असतो. त्यांच्याकडे आडनाव पुढे आणि स्वतःचं नाव शेवटी, आणि हाक शेवटच्या नावाने मारतात. म्हणजे बुई सुआन फाय म्हणजे फाय. त्यामुळे शेवटचा शब्द लक्षात ठेवा, न्गुयेन सोडून द्या. फक्त बाहेर नाव झालेले काही जण आपल्यासारखं आडनाव शेवटी लावतात, पुढे येणारा दिन्ह क्यू. ले त्यातलाच, तो दिन्हच.

आता लॅकर. इथे जरा वेळ काढा, बाकी कुठे नाही काढलात तरी चालेल.

व्हिएतनामी लोक याला सन माय म्हणतात. सन म्हणजे तो चीक, आणि माय म्हणजे घासणं. नावातच कृती आहे बघा. आपली लाख किड्यापासून मिळते, झाडाच्या फांदीवर किडे बसतात त्यांची ती. सन हा मात्र झाडाचा चीक. हनोईच्या वायव्येला फू थो म्हणून भाग आहे तिथली झाडं यासाठी प्रसिद्ध, सालीला खाच पाडून पहाटे अंधारातच चीक गोळा करतात. आणि हे झाड कुठल्या कुळातलं? आंबा, काजू, बिब्बा यांच्या. हे कळल्यावर आई म्हणाली मग अंगाला उतत असेल की! आणि खरंच उततो. नवीन शिकणाऱ्यांचे हात-तोंड सुजतात, पुरळ येतं, खाज सुटते, अगदी बिब्बा उतल्यासारखं. काही जण त्या पायी नाद सोडतात, बाकीच्यांना सवय होते.

ताजा चीक दुधट असतो, हवा लागली की गडद होतो. लोखंडी भांड्यात लोखंडानेच घोटत बसलं की काळाकुट्ट होतो, लोखंड लागू दिलं नाही तर तपकिरी राहतो. त्या तपकिरी रंगाला तिकडे चक्क झुरळाचा पंख म्हणतात. ऐकायला कसंतरी वाटतं पण एकदा झुरळ आठवून तो रंग बघा, दुसरं नाव सुचणार नाही.

मग फळी. लाकडावर कापड, त्यावर चीक आणि माती कालवलेले थर, वाळव, घास, परत थर. ही फळी तयार करायलाच कित्येक दिवस जातात, चित्राला तर अजून हातही लागलेला नसतो. चित्र करताना अंड्याची टरफलं (बदकाची चांगली), चांदीचा वर्ख, सोन्याचा वर्ख, शेंदरी लाल, हे सगळं चिकात बसवत जायचं आणि त्यावर परत चीक चढवायचा, म्हणजे केलेलं सगळं झाकूनच टाकायचं. दहा-बारा थर सहज होतात. आणि मग पाणी मारत घासायचं. गॅरेजमध्ये गाडीला पुटी भरून वॉटर पेपर मारतात तसं, फक्त इथे कुठे किती घासायचं यावर चित्र ठरतं. कमी घासलं तर खालची चांदी वर येत नाही, जास्त घासलं तर गेली ती कायमची. चित्रकार रंग लावतो आणि चित्र दिसतं हे आपल्या डोक्यातलं गणित इथे उलटं होतं, इथे चित्र आधी पुरायचं आणि मग उकरून काढायचं. शेवटी कोळशाची बारीक पूड आणि तळहात. तळहाताने घासून घासून चकाकी आणतात.

आणखी एक उलटं. आपल्याकडे पावसाळ्यात ऑइलपेंट वाळत नाही म्हणून पेंटर काम घेत नाही. सन मात्र दमट हवेतच वाळतो, कोरड्या हवेत नुसता बसून राहतो. त्यासाठी ओलसर बंद जागेत ठेवावं लागतं. उत्तर व्हिएतनाममध्ये वसंतात भिंतींना पाणी सुटतं इतकी दमट हवा असते, सगळे वैतागतात, लॅकरवाला खूष.

मग समोर उभं राहून बघायचं काय? समोर नाहीच उभं राहायचं, बाजूला जायचं. तिरकं बघा, मग परत समोर या. चांगलं सन माय वरून सपाट, आत मात्र खोल असतं, तळ्यात बघितल्यासारखं. वर्ख कुठल्या थरात आहे ते डोळा हळूहळू ओळखायला लागतो. अंड्याच्या टरफलाच्या भेगा जवळून बघा, एकसारख्या कधीच नसतात. आणि रंग कमी का असं विचारू नका, जुन्या कामात निळा-हिरवा शोधत बसाल तर सापडणार नाही फारसा, कारण या चिकात बरेच रंग काळवंडतात, त्यामुळे काळा, तपकिरी, लाल, सोनं, चांदी आणि टरफलाचा पांढरा एवढ्यावर संसार. पण वर्षं जातात तसा चीक पारदर्शक होत जातो आणि आतले रंग उजळतात. म्हणजे चित्र म्हातारं होताना उजळ होतं.

हे सगळं देव्हारे, पालख्या, देवळातले खांब आणि पाट्या यांच्यासाठी शेकडो वर्षं चालूच होतं. त्याचं भिंतीवर लावायचं चित्र झालं ते १९२५ मध्ये हनोईत निघालेल्या इंडोचायना फाइन आर्ट स्कूलमुळे. फ्रेंच चित्रकार व्हिक्टर तार्दिये आणि व्हिएतनामी चित्रकार नाम सन या दोघांनी ते उभं केलं. जोसेफ एंग्विंबेर्ती नावाचा मास्तर देवळातलं लॅकर बघून वेडावला आणि पोरांना म्हणाला यात चित्रं करून बघा. आपल्याकडे जे.जे. मध्ये कॅप्टन सॉलोमननी पोरांना अजिंठ्याकडे बघा, भित्तिचित्रं करा म्हटलं त्याच सुमाराची गोष्ट. साहेबाने येऊन आपल्यालाच आपली वस्तू दाखवायची, हा प्रकार दोन्हीकडे सारखाच, आणि त्याचा राग मानायचा की आभार हा वादही दोन्हीकडे अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर मास्तरने दार दाखवलं असेल, आत गेली ती पोरंच. त्यातला सगळ्यात आत गेलेला माणूस न्गुयेन जा त्री. तो १९९३ मध्ये गेला, आयुष्यभर लॅकरच करत राहिला. त्याचं ते बागेतल्या बायकांचं प्रचंड चित्र, उत्तर-मध्य-दक्षिण तिन्ही प्रांतांच्या वसंताचं, हो ची मिन्ह सिटीच्या फाइन आर्ट म्युझियममध्ये आहे आणि राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेलं आहे. त्याची एक वाईट गोष्ट आहे ती शेवटी सांगतो.

रेशीम आणि कागद

रेशमावर फार लिहीत नाही कारण ते बघायला सोपं आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा, आपण साडीवर करतो तसं हे पेंटिंग नाही. पातळ रंगाचा हात, परत पाणी, परत रंग, असं करत रंग धाग्यात मुरवतात, वर बसू देत नाहीत. म्हणून कडा विरघळलेल्या दिसतात. न्गुयेन फान चान्ह हा यातला बाप. १९३१ चं त्याचं चित्र आहे, चार मुली जमिनीवर बसून खड्यांचा खेळ खेळतायत, घरं आखून त्यात खडे वाटत जायचे तो. सगळं मातकट तपकिरी. गाव, बाया, पोरं, लहान मूल, कोंबड्या, हाच विषय. तेव्हा ती साधी गोष्ट नव्हती कारण शाळेत तेलरंगात मॉडेल रंगवायला शिकवत होते आणि हा मात्र शेतकऱ्यांच्या मुली रंगवत बसला.

कागद म्हणजे झॉ. एका झुडपाच्या सालीचा लगदा करून हाताने गाळलेला कागद, हलका पण चिवट, ओढून सहजी फाटत नाही. हनोईजवळ डोंग हो गावाची लाकडी ठशांची चित्रं, डुकरं-कोंबड्या-उंदरांचं लग्न वगैरे, याच कागदावर शिंपल्याची पूड चढवून छापतात म्हणून तो कागद चमचम करतो. टेट म्हणजे त्यांच्या नववर्षाला घरात लावायची चित्रं ती. काळा रंग बांबूच्या पानांच्या कोळशाचा, पिवळा होए नावाच्या झाडाच्या फुलांचा. आजचे कलाकार हाच कागद घेऊन त्याची मोठमोठी शिल्पं करतात, ले हिएन मिन्ह ही त्यातली माझी आवडती. म्युझियमच्या दुकानात झॉ कागदाची वही मिळाली तर घ्या, बाऊलपेक्षा ते बरं.

विषय: युद्ध आहे, पण तुम्ही समजता तसं नाही

आपल्याला व्हिएतनाम म्हटलं की युद्ध. अमेरिकन सिनेमांनी डोक्यात भरलेलं. तिथल्या चित्रांत युद्ध शोधायला गेलात तर आधी सैनिक दिसतील, झेंडे, भातशेतीत बंदूक घेतलेल्या मुली. न्गुयेन सांगचं १९६३ चं लॅकर आहे, फ्रेंचांविरुद्धच्या डिएन बिएन फूच्या लढाईत खंदकात जखमी सैनिक कम्युनिस्ट पार्टीत दाखल होतायत त्याचं. हे प्रचाराचं म्हणून पुढे जाऊ नका. त्या चित्रात माणसं कशी मोठ्या चपट्या ठोकळ्यांत बसवली आहेत ते बघा, आणि देवळाचा माल वापरून पार्टीचा विषय कसा मांडलाय ते पण. देवाच्या जागी सैनिक आलाय आणि मागचं सोनं तेच आहे.

याच्या बरोबर उलट्या टोकाला फाय. बुई सुआन फायने हनोईच्या जुन्या गल्ल्या रंगवल्या, आयुष्यभर तेच, वाकड्या छपरांची घरं, रिकामा रस्ता, एखादी म्हातारी. क्रांती नाही, कारखाना नाही. १९५६-५७ मध्ये हनोईतल्या लेखक-कलाकारांनी जरा मोकळीक मागितली तेव्हा हा त्यांच्यात होता, त्यापायी शिकवायची नोकरी गेली. मग वर्तमानपत्राच्या कागदावर, काडेपेटीवर, सिगरेटच्या पाकिटावर चित्रं. रेशनकार्डाचा काळ, रंग मिळायचे नाहीत. आता बघा, इथे पण माल बोलतो. काडेपेटीएवढी गल्ली ही स्टाइल म्हणून आलेली नाही, कागदच तेवढा होता. हनोईत काफे लाम म्हणून जुनी टपरीवजा जागा आहे, तिथे तो आणि बाकीचे कॉफीची उधारी चित्रं देऊन फेडायचे. जाऊन या, कॉफी कडक असते. त्याचं स्वतःचं एकट्याचं प्रदर्शन झालं ते १९८४ मध्ये, आणि १९८८ मध्ये तो गेला. त्या रस्त्यांना लोक आता फायच्या गल्ल्याच म्हणतात.

१९८६ मध्ये सरकारने डोई मोई जाहीर केलं, म्हणजे आर्थिक दारं उघडली, आपल्या १९९१ सारखं पण पाच वर्षं आधी. परदेशी गिऱ्हाईक आलं, गॅलऱ्या निघाल्या. पैसा आला तसा टोपीवाल्या, पांढऱ्या आओ झायमधल्या (म्हणजे त्यांचा लांब अंगरख्यासारखा पोशाख) मुलींच्या चित्रांचा कारखानाही आला, हे तुम्हाला प्रत्येक टुरिस्ट गल्लीत दिसेल, त्याला हसू नका आणि विकतही घेऊ नका. खरं काम दुसरीकडे चाललं होतं. १९९० मध्ये हनोईत सालोन नताशा नावाची जागा एका चित्रकार नवऱ्याने आणि रशियन बायकोने आपल्या घरातच सुरू केली. १९९८ मध्ये न्या सान निघालं, शब्दशः खांबांवरचं लाकडी घर, तिथे परफॉर्मन्स आणि व्हिडिओ करणारी पिढी वाढली. ते सुरू करणाऱ्यांपैकी त्रान लुओंग. याचं एक काम आहे, तो अंगावर मार घेतो. शाळकरी पोरं गळ्यात घालतात तो कम्युनिस्ट बालसंघटनेचा लाल स्कार्फ बघणाऱ्यांच्या हातात देतो आणि सांगतो, झटका मारा मला, चाबकासारखा. अंगावर वळ उठतात. तो स्कार्फ व्हिएतनाममधल्या जवळजवळ प्रत्येकाने लहानपणी बांधलेला असतो, त्यामुळे तिथल्या माणसाला एक शब्द न बोलता काय ते कळतं. आपल्याला कळायला मात्र "हा कपडा कोणाचा" हा प्रश्न विचारावा लागतो.

एक गोष्ट याच्याशी जोडलेली. व्हिएतनाममध्ये सार्वजनिक प्रदर्शनाला सरकारी परवाना लागतो. त्यामुळे कलाकार थेट बोलत नाहीत, वस्तूंमधून बोलतात. म्हणजे आपण जे "अबस्ट्रॅक्ट आहे, कळत नाही" म्हणून सोडतो ते बऱ्याचदा मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. बातमी शोधू नका, वस्तू वाचा.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भिडलेला दिन्ह क्यू. ले. १९६८ मध्ये कंबोडियाच्या सीमेजवळ हा तिएनला जन्मला, ख्मेर रूजचे (कंबोडियातल्या तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीचे) हल्ले व्हायला लागले तेव्हा १९७८ मध्ये घरच्यांबरोबर पळाला, अमेरिकेत वाढला. लहानपणी मावशीकडून, का आत्याकडून म्हणा, गवताच्या चटया विणायला शिकलेला. मोठेपणी काय केलं तर फोटोंच्या उभ्या-आडव्या पट्ट्या कापल्या आणि चटईसारखे विणले. एक पट्टी युद्धाच्या खऱ्या फोटोची, दुसरी हॉलीवूडच्या सिनेमातली. लांबून बघितलं तर चेहरा दिसतो, जवळ गेलं की कळत नाही आठवण कुठली आणि सिनेमा कुठला. म्हणजे माझ्या-तुमच्या डोक्यात झालेला घोळच त्याने विणून भिंतीवर लावला. पुढे सायगावला (हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव, लोक अजून तेच म्हणतात) परत आल्यावर जुन्या बाजारातून किलोंनी जुने फॅमिली फोटो घ्यायला लागला, या आशेने की पळताना राहून गेलेले आपल्या घरचे फोटो कधीतरी सापडतील. ते फोटो दोऱ्यात ओवून त्याने मोठाले चौकोनी ठोकळे लटकवले, आत शिरता येईल एवढे. त्याचाच एक व्हिडिओ आहे हेलिकॉप्टरचा, आणि त्याच्या शेजारी व्हिएतनामी शेतकरी-मेकॅनिक जोडीने घरी बनवलेलं खरं हेलिकॉप्टर. ज्या यंत्राने वरून गोळ्या घातल्या तेच शेतकऱ्याला फवारणीला आणि माणसं वाचवायला हवंय. ते न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये २०१० मध्ये लागलं होतं. २०२४ मध्ये दिन्ह अचानक गेला. सायगावची सान आर्ट ही जागा २००७ मध्ये त्याने आणि मित्रांनी सुरू केलेली, जाल तेव्हा काय चालू आहे ते बघून ठेवा.

त्या मित्रांतलाच तुआन अँड्र्यू न्गुयेन. क्वांग त्री प्रांतात बॉम्ब इतके पडले की लोक अजून जमिनीतून धातू काढतात, न फुटलेले बॉम्ब अजून जीव घेतात. भंगारवाले त्यावर पोट भरत आले. हा त्या तोफगोळ्यांच्या पितळेची, बॉम्बच्या लोखंडाची झुलती शिल्पं आणि घंटा बनवतो, सुरात लावलेल्या. आपण देवळात शिरताना घंटा वाजवतो ना, तसं तो धातू हाताला आणि कानाला लागतो, आणि मग आठवतं हा कशाचा आहे. २०२३ चा जोन मिरो पुरस्कार त्याला मिळाला.

यान वोचं काम व्हिएतनाममध्ये दिसेलच असं नाही पण जगात कुठेही म्युझियममध्ये गाठ पडते म्हणून सांगतो. १९७५ चा जन्म, वडिलांनी स्वतः बांधलेल्या होडीतून कुटुंब निघालं, डॅनिश जहाजाने उचललं म्हणून डेन्मार्कमध्ये वाढला. याने स्टॅच्यू ऑफ लिबर्टी मूळ आकारात परत बनवली, पण जोडली नाही. अडीचशेच्या आसपास तुकडे, तांब्याचे, ठोकून घडवलेले, आणि वेगवेगळ्या शहरांत पसरलेले. आपल्याला ते जमिनीवर पडलेलं वाकडंतिकडं तांबं दिसतं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम बघितलेलं असेल तर जवळ जाऊन पत्रा बघा, किती पातळ आहे! एवढी मोठी बाई आणि आतून पोकळ पत्रा. त्याचं दुसरं काम याहून साधं: वडिलांना फ्रेंच येत नाही, पण अक्षर सुंदर, म्हणून ते एका फ्रेंच मिशनऱ्याने १८६१ मध्ये मरणाच्या आधी बापाला लिहिलेलं पत्र हाताने उतरवून काढतात आणि जो विकत घेईल त्याला पोस्टाने जातं. न समजणारी भाषा नीटनेटक्या अक्षरात. माल काय? कागद, शाई आणि बापाचा हात.

तरुणांमध्ये थाओ न्गुयेन फान बघाच. ती रेशमावर जलरंग करते, लॅकर करते आणि त्याबरोबर व्हिडिओ. १९४५ च्या आधी जपानी सैन्याने उत्तरेत शेतकऱ्यांना भात उपटून ताग लावायला लावला, त्यात भर पडून दुष्काळ झाला आणि लाखो माणसं मेली. व्हिएतनामी आकडा वीस लाखांपर्यंत जातो. आपल्याकडे बंगालचा दुष्काळ १९४३ चा, दोनच वर्षं आधी, तेच महायुद्ध. ती खरोखरचे तागाचे देठ लटकवते आणि शेजारी रेशमावर गोड दिसणारी पोरं असतात. गोड म्हणून पुढे जाल तर चुकाल, त्यातलं एखादं पोर भुकेचं भूत असतं.

बाकीचे भराभर. बुई काँग खान्ह फणसाच्या लाकडाचं कोरीव काम करतो, होय फणसच, तिकडे मध्य व्हिएतनाममध्ये घरं आणि देवळं फणसाची असायची, आपल्या कोकणातल्यासारखीच, आणि त्याची तो तटबंदी उभारतो. वो त्रान चाउ जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून मोझाइकसारखी चित्रं करते, म्हणजे आपली गोधडीच एका अर्थी. आणि उउदाम त्रान न्गुयेनच्या व्हिडिओत २८ स्कूटरवाले रंगीत रेनकोट एकमेकांना जोडून रस्त्यावर चाल करतात. सायगावच्या सिग्नलला दहा मिनिटं पावसात उभे राहिलात की तो व्हिडिओ आपोआप समजतो, पुणेकरांना तर न उभं राहताही समजेल.

जायचं कुठे, घ्यायचं काय

वेळ कमी असेल तर दोनच जागा. हनोईचं फाइन आर्ट म्युझियम (१९६६ मध्ये सुरू झालं, साहित्य मंदिराच्या जवळच, टुरिस्ट तिथे जातातच, रस्ता ओलांडला की झालं) आणि हो ची मिन्ह सिटीचं, जे एका चिनी व्यापारी कुटुंबाच्या जुन्या वाड्यात आहे, पिवळ्या भिंती, लाकडी जुनी लिफ्ट, टाइल्सच बघत बसाल. हनोईला थेट लॅकरच्या दालनात जा आणि फक्त पाच चित्रं निवडा, प्रत्येकासमोर दहा मिनिटं. अमेरिकन बॉम्बिंगच्या काळात मूळ चित्रं सुरक्षित जागी हलवून भिंतीवर नकला लावल्या होत्या, त्यामुळे तिथे कुठलं मूळ आणि कुठलं नक्कल यावर बरीच वर्षं वाद झालेत, मला तर तीच गोष्ट त्या म्युझियममधली भारी वाटते. तिसरा दिवस असेल तर नव्या कलेसाठी हनोईत मान्झी नाहीतर व्हीसीसीए (व्हिनकॉम सेंटर फॉर कंटेम्पररी आर्ट), सायगावला गॅलरी क्विन्ह.

विकत घेताना मोठ्या नावाच्या मागे लागू नका. २०१६ मध्ये सायगावच्या त्याच म्युझियममध्ये युरोपातून परत आलेली म्हणून १७ चित्रं लावली आणि नंतर कबूल करावं लागलं की सगळी नकली किंवा भलत्याच्या नावावर खपवलेली. म्युझियम फसतं तिथे तुम्ही-आम्ही कोण. फायची चित्रं तर सर्रास बनावट मिळतात, "अहो ओरिजिनल फाय" म्हणून कोणी दिलं तर चहा पिऊन निघा.

लॅकर घ्यायचंच असेल तर दुकानदाराला एक प्रश्न: सन ता की सन न्यात? सन ता म्हणजे आपला चीक, खरा. सन न्यात म्हणजे शब्दशः जपानी लॅकर, पण बाजारात त्याचा अर्थ कारखान्यातला रंग. काजूच्या टरफलाच्या तेलाचं पण एक स्वस्त लॅकर चालतं, म्हणजे परत आपल्याच कोकणातलं कुटुंब. स्वस्त वस्तू वाईट नाही, फक्त खऱ्याचा भाव देऊ नका. मी दिला होता. एका दुकानात गोड बोलून मला "तीन महिन्यांचं काम" म्हणून कमळाचं पॅनेल दिलं, हॉटेलवर उघडलं तर थिनरचा वास, दोन आठवड्यांचं पण नसेल ते. वास घ्या, लाजू नका. चकाकी काचेसारखी एकसारखी आणि खाली काही खोली नाही, तर तो स्प्रे. वेळ असेल तर हनोईपासून तासाभरावर हा थाय गाव आहे लॅकरवाल्यांचं, तिथे घासताना बघायला मिळतं, मग भाव पटतो.

घरी आणल्यावर. उन्हात लावू नका, खिडकीसमोर तर नाहीच. एसीच्या झोताखाली नको. मुंबई-कोकणात त्याला मजेत राहता येतं, विदर्भातल्या मे महिन्यात मात्र फळी वाकू शकते, तेव्हा आतल्या थंड भिंतीवर लावा. आणि पुसायला फक्त मऊ ओलसर फडकं, नंतर कोरडं.

ती वाईट गोष्ट इथे. न्गुयेन जा त्रीचं ते वसंताचं मोठं चित्र स्वच्छ करायला दिलं आणि २०१९ मध्ये बातमी आली की भांडी घासायचा साबण, पॉलिशची पूड आणि पॉलिश पेपर वापरून घासलंय. वीस वर्षं खपून त्याने कुठे थांबायचं ते ठरवलेलं, तिथून पुढे कोणीतरी घासत गेलं. आईला हे वाचून दाखवलं तेव्हापासून हॉलमधल्या त्या नकली कमळालासुद्धा ती कामवाल्या मावशींना हात लावू देत नाही, स्वतःच पुसते, जुन्या धोतराच्या फडक्याने.